बॉयलर आणि अंड्याच्या कोंबड्या एकाच शेडमध्ये, मधे जाळी घालून चालेल का?

नंदगड_शेड:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला शेड तयार आहे. लांबी 40 फूट, रुंदी 20 फूट, लांब बाजू पूर्व-पश्चिम. दोन्हीकडे दीड फुटाची भिंत, वर जाळी, छपराला सिमेंटचे पत्रे. बोअरचं पाणी 1000 लिटरच्या टाकीतून एकाच पाइपने शेडभर जातं. रात्री लाइटचा भरवसा नाही.

विचार असा आहे की मधोमध जाळी मारून एका बाजूला 350 बॉयलर आणि दुसरीकडे अंड्याच्या 100 कोंबड्या ठेवायच्या. बॉयलर खानापूरच्या दुकानांना जाईल, अंडी चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाडीवाल्याला. कंपनीचा करार नाही, पिल्लं स्वतः घेणार. जाळी पुरेल का? दोघांना एकच खाद्य घातलं तर काय बिघडतं? पाणी, लाइट एकच ठेवता येईल का? मोजमापासकट सांगा.

मार्कंडेय_काठ:
दादा, जाळीने कोंबडी अडते, रोग अडत नाही. दोन वेगळ्या वयांचे पक्षी एका छपराखाली घेऊ नका. कारण समजलं की तुमच्या जागेत काय जमेल ते तुम्हालाच ठरवता येईल.

ब्रॉयलरचा (मांसाच्या कोंबडीचा) धंदा शेड रिकामं होण्यावर चालतो. 40-42 दिवसांत सगळा माल उचलला, खाली अंथरलेला तूस बाहेर काढला, शेड धुतलं, चुना मारला आणि निदान 15 दिवस मोकळं ठेवलं की बहुतेक जंतूंचा जोर मोडतो, कारण त्यांना राहायला पक्षीच उरत नाही. गंबोरो या पिल्लांच्या रोगाचा विषाणू तेवढा चिवट, तो शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून धुण्यात कसूर नको. अंड्याची कोंबडी मात्र 72 आठवड्यांची होईपर्यंत तिथेच असते. म्हणजे तुमचं शेड वर्षभर रिकामंच होणार नाही, आणि नव्या बॅचला पहिल्या दिवसापासून जाळीपलीकडच्या जुन्या पक्ष्यांचे जंतू मिळत राहतील. मोठी कोंबडी वरून ठणठणीत दिसते, पण सीआरडीचे (जुनाट श्वसनरोगाचे) जंतू अंगात बाळगून असते. तिला त्याचं काही वाटत नाही. 20 दिवसांच्या ब्रॉयलरला मात्र घरघर लागते, त्यावर ई-कोलाय बसतो, आणि पक्षी कापून पाहिला की काळजावर आणि लिव्हरवर पांढरा पापुद्रा दिसतो. मग औषधावर औषध. पहिली बॅच बहुधा चांगली जाते आणि माणूस निर्धास्त होतो. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला सुरू होतो.

दुसरं कारण लसीचं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. अंड्याच्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांना) 8 व्या आठवड्यात राणीखेतची (मानमोडीची) आरटूबी लस टोचावी लागते. ही जिवंत आणि लासोटा या राणीखेतच्याच सौम्य लसीपेक्षा बरीच कडक लस आहे, 6 आठवड्यांखालच्या पिल्लाला चालत नाही. टोचलेल्या तलंगांच्या विष्ठेतून, श्वासातून तो विषाणू काही दिवस बाहेर पडतो. त्याच हवेत 8-10 दिवसांची ब्रॉयलर पिल्लं असतील तर त्यांना मानमोडीसारखी लक्षणं दिसू शकतात: मान वाकडी, पाय ओढणं, हिरवट हगवण. लोक हॅचरीला दोष देतात, कारण असतं जाळीपलीकडे.

तिसरं मॅरेक्स, म्हणजे पाय लुळे पाडणारा रोग. त्याचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून उडतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकला जातो, त्यामुळे त्याच्यात तो दिसायच्या आत पक्षी गेलेला असतो. पण त्याच धुळीत वाढलेली बिनलशीची तलंग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसते. तिला औषध नाही. लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचून घ्यायची. रस्त्यावर टोपलीत विकायला येणाऱ्या पिल्लांना ती दिलेली असेलच असं धरून चालू नका.

तुमच्या जागेत मी असं करेन. 800 चौ. फुटांचं शेड पूर्ण ब्रॉयलरला. पक्ष्याला 1 चौ. फूट, उन्हाळ्यात सव्वा. म्हणजे 600 पक्षीही आरामात बसतील, 350 घेतले तर उत्तमच. अंड्याच्या 100 कोंबड्यांना जमिनीवर प्रत्येकी अडीच चौ. फूट धरा. 12 बाय 24 फुटांचं हलकं शेड बास झालं: बांबू किंवा निलगिरीचे वासे, वर मंगलोरी कौलं. दोन्हींत निदान 50 फूट अंतर, 100 मिळालं तर सोडू नका. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि रोगाचे दिवसही तेच. म्हणून पिल्लांचं शेड पश्चिमेला, मोठ्या कोंबड्यांचं पूर्वेला. उलटं केलंत तर चार महिने कोंबड्यांची हवा सरळ पिल्लांवर.

रोजचं काम आधी लहान पक्ष्यांकडे, मग मोठ्यांकडे. उलटं कधीच नाही. दोन्ही शेडांच्या चपला, बादल्या, फावडी वेगळी. दाराशी पायबुडी ठेवणार असाल तर द्रावण रोज बदला. पायाला विष्ठा लागलेली असेल तर ती आधी खरवडा, कारण घाणीत कोणतंच जंतुनाशक काम करत नाही. ते रोज जमणार नसेल तर दाराशी विरलेल्या चुन्याची कोरडी पट्टी टाका.

आणि हे वाचणाऱ्या करारवाल्यांसाठी: कंपन्यांच्या करारात आवारात दुसरी कोणतीही कोंबडी नको अशी अट बहुतेक वेळा असते. सही करण्याआधी ती ओळ वाचा, परसातली चार गावठीसुद्धा त्यात येतात.

मका_सोया:
खाद्याचं मी सांगते. एकच खाद्य हा सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी मारतो.

अंड्याच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. ब्रॉयलरला, पिल्लाला, तलंगेला लागतं साधारण 1 टक्का. लेअर (अंड्याच्या कोंबडीचं) खाद्य वाढत्या पक्ष्याला घातलंत तर जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं. मेलेला पक्षी उघडून बघा: मूत्रपिंड सुजलेली, पांढरट रेघांची, आणि काळजावर-लिव्हरवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा थर. तो गाउट. पक्षी पाणी जास्त पितो, पातळ पांढरं हगतो, तूस ओला होतो, आणि लोक रोग समजून अँटिबायोटिक घालतात, ज्याने मूत्रपिंडावर आणखी भार येतो. शिवाय लेअर खाद्यात ऊर्जा किलोला 2600 कॅलरींच्या आसपास, ब्रॉयलरला 3000 च्या वर हवी. तो 42 दिवसांत दोन किलोला पोहोचणारच नाही.

उलट ब्रॉयलर फिनिशर कोंबडीला घातलं तर ती चरबी धरते, अंडं पातळ कवचाचं येतं, पुढे बिनकवचाचं. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून कवच बनवतं, मग कोंबडी पायावर उभी राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यातलं रक्ती हगवणीचं प्रतिबंधक औषध. ब्रॉयलरच्या बहुतेक तयार खाद्यांत ते असतं. निकार्बाझिन असेल तर तांबड्या अंड्यांचा रंग उडतो, बलकावर डाग येतात, अंडी कमी होतात. बाकीच्यांचा अंश अंड्यात उतरतो, ते कोणी खायचं? पिशवीवरचं लेबल वाचा. यांपैकी सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असलेलं खाद्य चालू असताना सीआरडीसाठी टायमुलिन देऊ नका. दोन्ही एकत्र आले की पक्षी लुळे पडून मरतात. हे डॉक्टरला सांगायचं राहून जातं, म्हणून खाद्याची पिशवी दाखवूनच औषध मागा.

प्रमाणं लिहून घ्या. ब्रॉयलर 42 दिवसांत साडेतीन किलोच्या आसपास खातो. 350 पक्ष्यांना 1225 किलो, म्हणजे 50 किलोच्या 25 पिशव्या. पहिले 10 दिवस प्रीस्टार्टर, 22-23 टक्के प्रथिनं; 21 दिवसांपर्यंत स्टार्टर; मग फिनिशर, 19-20 टक्के. शेवटचे किमान पाच दिवस औषध नसलेलं फिनिशर मिळालं तर तेच घ्या. अंड्याची कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाते. 100 कोंबड्यांना 11 किलो, महिन्याला साडेसहा-सात पिशव्या.

लेअर खाद्य घरी मिसळायचं तर 100 किलोला: मका भरडा 56, सोयापेंड 24, तेल काढलेला भाताचा कोंडा 9, शिंपल्याची किंवा चुनखडीची भरड साडेआठ, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड, मीठ 350 ग्रॅम, उरलेले 650 ग्रॅम व्हिटॅमिन-मिनरल मिक्श्चर, मेथिओनिन आणि टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधणारं) मिळून. प्रथिनं 17 टक्के आणि कॅल्शियम साडेतीनच्या थोडं वर येतं. शिंपला पिठासारखा दळू नका, निम्मा तरी ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवा. कवच रात्री बनतं. दाणेदार शिंपला पोटात हळू विरघळतो आणि रात्रभर कॅल्शियम पुरवतो. पीठ संध्याकाळीच संपून जातं.

खानापूर-जांबोटीच्या पावसात मक्याला बुरशी लवकर धरते. पिशव्या लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून 6 इंच वर आणि भिंतीपासून फूटभर लांब. जून ते सप्टेंबर दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करू नका. गुठळी झालेला मका पाखडून वापरू नका, विष दाण्यात असतं, धुळीत नाही.

हुक्केरी_लेअर:
वरच्या दोघांशी सहमत. लाइट आणि पाणी राहिलंय ते घेतो.

ब्रॉयलर पिल्लांना पहिले दिवस जवळजवळ रात्रभर उजेड लागतो, ऊबही त्याच दिव्याची. जाळीपलीकडे 10-12 आठवड्यांच्या तलंगा असतील तर त्यांनाही तो उजेड मिळतो, आणि त्यांच्या शरीराला वाटतं दिवस मोठा झाला, अंडी घालायची वेळ आली. वेळेआधी अंड्यावर आलेली तलंग अंगाने लहान असते. अंडी बारीक येतात, आणि काहींचं अंडं बाहेर पडताना गुदद्वाराचा भाग बाहेर येतो. तो लाल भाग दिसला की बाकीच्या टोचून टोचून मारतात. प्रोलॅप्स झालेली कोंबडी दिसताक्षणी वेगळी काढा, वाट बघू नका.

तलंगेला 16 व्या आठवड्यापर्यंत नुसता दिवसाचा उजेड. आपल्या भागात दिवस डिसेंबरात 11 तासांच्या थोडा वर आणि जूनमध्ये 13 तास असतो. 18 व्या आठवड्यापासून दर आठवड्याला अर्धा तास वाढवत 16 तासांवर न्या आणि तिथे थांबा. वाढवलेला उजेड परत कमी करायचा नाही, नाहीतर पिसं गळतात आणि अंडी थांबतात. उजेड पहाटे वाढवणं सोयीचं, कारण संध्याकाळी दिवा एकदम गेला तर कोंबड्या अंधारात खाली अडकतात, बसायच्या दांड्यांवर चढत नाहीत. एक 9 वॅटचा पिवळट एलईडी 150-200 चौ. फुटांना पुरतो. टायमर लावा आणि दिवे छोट्या बॅटरी इन्व्हर्टरवर घ्या. ब्रॉयलरलाही पहिल्या आठवड्यापासून रोज तासभर अंधाराची सवय लावा. सवय नसलेली पिल्लं लाइट गेल्यावर कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. कोपरे पत्र्याने गोल करून घ्या.

पाण्याची टाकी एक असली तरी हरकत नाही, पण मोठ्या टाकीत औषध कधीच टाकू नका. प्रत्येक शेडला 200 लिटरचा वेगळा पिंप, वेगळा कॉक. एकाच लाइनीत ब्रॉयलरला एन्रोफ्लॉक्सासिन दिलं की ते अंड्याच्या कोंबडीने प्यायलं आणि पुढे गिऱ्हाइकाच्या ताटात गेलं. अंड्यावरच्या कोंबडीला ते द्यायचंच नसतं. कोलिस्टिनवर तर 2019 पासून खाण्याच्या जनावरांत आणि पक्ष्यांत देशभर बंदी आहे. जुन्या डब्या कोणी देत असेल तर घेऊ नका.

पाण्यातून लस देताना बहुतेकांची लस वाया जाते ती क्लोरीनमुळे. 48 तास आधी ब्लीचिंग बंद करा. 350 पक्ष्यांना 28 व्या दिवशी लासोटा बूस्टर द्यायचा तर हिशोब असा: हजार पक्ष्यांना वयाच्या दिवसांइतके लिटर, म्हणजे हजाराला 28, तुमच्या 350 ना 10 लिटर. त्यात लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून 20 मिनिटं थांबा, मग लस. पक्षी तास-दीड तास तहानलेले ठेवा, पहाटेच द्या, दोन तासांत पाणी संपलं पाहिजे. 5-7 व्या दिवसाची पहिली लस मात्र डोळ्यात थेंब घालूनच द्या. दोघांनी बसून 350 पिल्लं होतात आणि एकही पिल्लू सुटत नाही.

नंदगड_शेड:
सगळ्यांचे आभार, भरपूर कळलं. दुसरं शेड या वर्षी तरी होणार नाही. मग गिरिराज किंवा स्वर्णधारा जातीची नर-मादी मिसळ पिल्लं एकदमच घेऊन नर मटणाला विकायचे आणि माद्या अंड्याला ठेवायच्या, असं एकाच शेडमध्ये जमेल का? आणि बॉयलरमधल्याच 10-20 माद्या मागे ठेवल्या तर अंडी देतात का?

मार्कंडेय_काठ:
ब्रॉयलरच्या माद्यांचं थोडक्यात: पाच-सहा महिन्यांत काही अंडी घालतील, पण परवडत नाही. त्या जातीची भूक अमर्याद आहे. पोटभर घातलं तर चरबी, पाय मोडणं, उन्हात धाप लागून मर. ब्रॉयलरच्या आईबापांच्या फार्मवर लहानपणापासून खाद्य मोजून, काही ठिकाणी दिवसाआड घालतात, तेव्हा त्या अंड्यावर टिकतात. ते घरी करत बसू नका, सगळ्या विका.

तुमचा दुसरा विचार मात्र अगदी बरोबर आहे. वय एक, हॅचरी एक, लस एक. मांस आणि अंडी एका शेडमध्ये घ्यायचा हाच एक सरळ रस्ता आहे.

डालगं_खुराडं:
दादा, मी हेच लिहायला आलो होतो. दोन्ही जाती आपल्याच राज्यातल्या, बेंगळूरच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेल्या. गिरिराज 1989 सालची, स्वर्णधारा 2005 ची. गिरिराज वर्षाला 130-150 अंडी देते, स्वर्णधारा 180-190. अंगाने दोन्ही भक्कम. अंडी गोव्याला द्यायची आहेत तर स्वर्णधारा घ्या. निव्वळ अंड्याला हैदराबादची ग्रामप्रिया पुढे आहे, 200 च्या वर जाते, पण तिचे नर हलके भरतात. घरच्या अंड्यांतून पिल्लं काढून पुढची पिढी वाढवू नका. संकर जात आहे, दुसऱ्या पिढीत अंडी आणि वजन दोन्ही घसरतात. दर वेळी पिल्लं हॅचरीतूनच.

एका दिवशीची, एकाच हॅचरीची 250 पिल्लं घ्या, साधारण निम्मे नर निघतील. मॅरेक्स टोचल्याची नोंद बिलावर लिहून घ्या. एका टोकाला ताडपत्री सोडून शेडचा तिसरा हिस्साच गरम करा. 10 फूट व्यासाच्या चिक गार्डमध्ये (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणात) 250 पिल्लं बसतात. खाली 2-3 इंच तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, नाहीतर पिल्लं तूसच टिपतात. ऊब पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट, मग दर आठवड्याला 5 ने खाली. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. त्याहूनही पिल्लांकडे बघा: दिव्याखाली ढीग म्हणजे थंडी, कडेला पसरून चोच उघडी म्हणजे उकाडा, एका बाजूला गोळा म्हणजे दुसरीकडून वाऱ्याची झोत येतेय.

लसी अशा: 5-7 व्या दिवशी लासोटा डोळ्यात, 14 ला गंबोरो, 21 ला गंबोरो परत, 28 ला लासोटा पाण्यातून, 6-7 व्या आठवड्यात पंखाच्या पातळ कातडीत देवीची, 8 व्या आठवड्यात आरटूबी. सगळे एकाच वयाचे, त्यामुळे वर सांगितलेला आरटूबीचा धोका इथे येत नाही. आरटूबी झाल्यावर तीन आठवडे नर विकू नका. म्हणजे 11-12 व्या आठवड्यापासून विक्री, खाद्य नीट मिळालं तर नर दीड ते दोन किलोच्या आसपास भरतो. माद्यांना 16 व्या आठवड्यात आरटूबी पुन्हा.

8 व्या आठवड्यात तुरे-गळवंड बघून नर वेगळे करा. तुमची मधली जाळी इथे खरी कामाची. वेगळे केले नाहीत तर नर खाद्य ओढतात आणि 12 आठवड्यांपासून माद्यांच्या पाठी सोलतात. खाद्य 8 आठवडे 20 टक्के प्रथिनांचं, दोघांना एकच. त्यानंतर नरांना पोटभर, माद्यांना 16 टक्क्यांचं ग्रोअर मोजून. दर आठवड्याला 10 माद्या तोला. चरबी धरलेली मादी अंड्यावर उशिरा येते आणि लवकर दमते. पहिली अंडी दिसेपर्यंत लेअर खाद्य नाही. स्वर्णधारा 22-23 आठवड्यांत अंड्यावर येते.

अंड्याचे खण 17 व्या आठवड्यातच लावा, नाहीतर कोंबड्या कोपऱ्यात घालायची सवय लावून घेतात आणि ती मोडत नाही. 12 बाय 12 इंच, उंची 14, जमिनीपासून दीड फूट वर, आत अंधार. पाच कोंबड्यांना एक, म्हणजे सव्वाशे माद्यांना 25 खण. बसायच्या दांड्या प्रत्येकीला 8 इंच.

खाद्यावरून एक पर्याय: काही नर मुद्दाम मोठे करून सणाला विकायचे असतील आणि जाळी काढून सगळे एकत्र ठेवावे लागले, तर सगळ्यांना औषध नसलेलं 1 टक्का कॅल्शियमचं ग्रोअर घाला आणि शिंपला वेगळ्या कुंडीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीला गरज कळते, ती संध्याकाळी जाऊन शिंपला खाते. नर फारसं तोंड लावत नाही. ताई, हिशोब तपासा.

मका_सोया:
बरोबर आहे. 110 ग्रॅम खाद्यातून 1 टक्क्याने 1.1 ग्रॅम कॅल्शियम मिळतं, गरज पावणेचार-चार ग्रॅमची. तूट पावणेतीन ग्रॅम. शिंपल्यात 38 टक्के कॅल्शियम, म्हणजे कोंबडीला दिवसाला 7 ग्रॅम शिंपला. सव्वाशे कोंबड्यांना 875 ग्रॅम, दुपारी तीननंतर घाला. कुंडी रिकामी राहू देऊ नका. पातळ कवच दिसलं की पहिल्यांदा कुंडी बघा, औषध नंतर.

जांबोटी_रस्ता:
नंदगडकडचा पाऊस निपाणी-चिकोडीसारखा नाही, म्हणून तुसाबद्दल सांगतो. तिकडची पद्धत इथे चालत नाही.

पत्र्याची वळचण निदान 4 फूट पुढे काढा. ताडपत्री खालून वर ओढायची असते, वरून खाली सोडायची नाही. वर एक-दीड फुटाची फट कायम उघडी ठेवा, अमोनिया तिथूनच जातो. लोक पावसात शेड घट्ट बंद करतात आणि तिसऱ्या दिवशी पिल्लांचे डोळे पाणावतात. तुमच्या नाकाने उभ्याने तपासू नका, गुडघ्यावर बसून पिल्लाच्या उंचीवर वास घ्या.

तूस पावसाळ्यात 3-4 इंच. मुठीत दाबा: गोळा झाला आणि सोडल्यावर तसाच राहिला तर ओला, अलगद सुटला तर ठीक, अजिबात चिकटला नाही तर फार कोरडा. एक दिवसाआड खालीवर करा, 100 चौ. फुटांना किलोभर विरलेला चुना मिसळा. ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणा. ओला पट्टा बहुधा ड्रिंकरखालीच असतो, तो रोज खरवडून कोरडा तूस टाका.

ओल्या तुसात 25-30 अंशांवर रक्ती हगवणीची अंडी एक-दोन दिवसांत तयार होतात, आणि तडाखा 3 ते 5 आठवड्यांच्या पिल्लांना. पंख पाडून, पिसं फुगवून बसलेलं पिल्लू आणि विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी अ‍ॅम्प्रोलियम 20 टक्के, लिटरला 1 ते 1.2 ग्रॅम, 5 दिवस, दुसरं पाणी बंद. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अ‍ॅम्प्रोलियम बी-1 रोखूनच काम करतं, टॉनिक दिलं की औषध निष्फळ. टॉनिक औषध संपल्यावर द्या.

जंगल जवळ आहे म्हणून खालच्या 3 फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची कडक जाळी) मारा. कोंबडीची साधी जाळी मुंगसाला आणि रानमांजराला अडवत नाही, सापालाही नाही.

नंदगड_शेड:
ठरलं, 250 स्वर्णधारा. पिल्लं कोणत्या महिन्यात टाकावीत?

डालगं_खुराडं:
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस ओसरलेला, कडाक्याची थंडी अजून लांब, पिल्लांना ऊब द्यायला ताडपत्री आणि दिवे पुरतात. तलंगा दिवस लहान होत जाताना वाढतात, त्यामुळे वेळेआधी अंड्यावर येत नाहीत. नर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तयार. मार्गशीर्षात गावातली मागणी मंद असते, पण नाताळ ते 31 डिसेंबर गोव्याला पक्षी लागतात, गाडीवाल्याशी नोव्हेंबरातच बोलून ठेवा. अंडी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतील. आता ऑगस्टपर्यंत औषधाचा वेगळा पिंप बसवा, वळचण वाढवा आणि तूस भात मळणीचा ताजा मिळेपर्यंत थांबू नका. गिरणीतून मागच्या हंगामाचा कोरडा उचलून झाकून ठेवा, सप्टेंबरात मिळेल तो भिजलेला असतो.